सिग्नलवरची हुज्जत आणि ‘सरकारी कामात अडथळा’

‘वाहतूक पोलिसाशी हुज्जत, चालकावर गुन्हा दाखल.’ हा मथळा इतक्या वेळा वाचलाय की हुज्जत घालणं हाच गुन्हा, असं आपण धरून चालतो. चालक तसं धरतात, बरेच पोलीसही. म्हणून चौकात आवाज जरा चढला की ‘353 लावू का?’ हे ठरलेलं वाक्य येतं. 353 म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं, सरकारी माणसाला कामापासून रोखण्यासाठी हल्ला करण्याबद्दलचं कलम. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली आणि ते कलम 132 झालं, पण तोंडातला आकडा काही बदललेला नाही.

मागच्या पावसाळ्यात एका चौकात माझ्या पुढच्या स्कूटरवाल्याला बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं सरळ होतं, ‘साहेब, चलान करा. पण पैसे आत्ता भरत नाही, कोर्टात भरीन.’ उत्तर आलं, ‘सरकारी कामात अडथळा आणताय तुम्ही.’ माणूस घाबरला आणि तिथेच पैसे भरून गेला. मला ते फार लागलं, कारण त्याने कुठलाच अडथळा आणला नव्हता. जागेवर भरतो ती मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खालची तडजोडीची रक्कम असते. तडजोड नको असेल तर प्रकरण न्यायालयात जातं. तो त्याचा हक्क होता, आणि तो बजावताना त्याचा आवाजही चढला नव्हता.

हुज्जत म्हणजे तोंडाने घातलेला वाद. ‘सिग्नल पिवळाच होता’, ‘कुठल्या कलमाखाली अडवलं ते सांगा’, ‘तुमच्या छातीवर नावाची पट्टी का नाही?’ हे कितीही चिडून विचारलं तरी हुज्जतच. अशा नावाचा गुन्हा संहितेत नाही.

अडथळा ही कृती आहे, आणि तिच्याही दोन पायऱ्या आहेत. कलम 221, म्हणजे जुनं 186, लोकसेवकाच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणण्याबद्दल आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातही त्या लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही. ई-चलानचं मशीन हिसकावणं, दुसऱ्या चालकाची तपासणी चालू असताना मध्ये उभं राहून ती होऊ न देणं, ही या पायरीची उदाहरणं.

132 ची पायरी त्याहून बरीच वरची. त्याला हल्ला लागतो, नाहीतर फौजदारी बळाचा वापर. कॉलर धरणं, ढकलणं, गाडी अंगावर घालणं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. जुन्या 353 ची शिक्षा तर महाराष्ट्राने दुरुस्ती करून पाच वर्षांवर नेली होती. त्या आकड्याचा धाक उगाच बसलेला नाही. पण हल्ल्याची व्याख्या सांगणाऱ्या कलमाखालीच स्पष्टीकरण आहे की नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे. शब्दांमुळे एखाद्या हावभावाला हल्ल्याचा अर्थ येऊ शकतो, इतकंच. मूठ उगारून ‘बघतोच तुला’ म्हणणं आणि हात खिशात ठेवून तेच म्हणणं यांत कायदा फरक करतो. आईबहिणीवरून शिव्या देणाऱ्याला मात्र यातून सूट मिळत नाही. त्यासाठी दुसरी कलमं आहेत आणि ती लागायलाही हवीत.

बंगळुरूच्या एका जोडप्याचं प्रकरण या बाबतीत फार बोलकं आहे. अपघातानंतर पोलीस निरीक्षकाने वाईट वागणूक दिली, असं त्यांनी तिथल्या वाहतूक पोलिसांच्याच फेसबुक पानावर लिहिलं. त्यावरून त्यांच्यावर 353 आणि धमकीचं कलम लागलं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. बळाचा वापर नाही, हल्ला नाही, मग 353 कसलं? लोकांनी गाऱ्हाणी मांडावीत म्हणूनच ते पान होतं.

लायसन्स दाखवायला नकार देणं ही खरी सीमेवरची गोष्ट. गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर ते दाखवावंच लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम 130 तसं स्पष्ट सांगतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधलं चालतं. कायदेशीर सूचना मुद्दाम धुडकावली तर त्याच कायद्यात कलम 179 आहे, 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 2,000 रुपयांपर्यंत. म्हणजे आडमुठ्या चालकासाठी कायद्याने वेगळं, हलकं हत्यार दिलेलं आहे. ते असताना थेट 132 चा धाक घालणं मला अन्यायाचं वाटतं.

आता चालकांनी समजून घ्यायची बाजू, आणि ती जास्त कडू आहे. पोलीस चुकत असेल तर त्याचा हात झटकून टाकता येतो, असा समज पसरलाय. स्वसंरक्षणाच्या हक्काला मर्यादा घालणारं न्याय संहितेचं कलम 37 वाचलं की तो गळून पडतो. लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने, सद्भावनेने काही करत असेल, आणि त्यातून मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती नसेल, तर ते कृत्य कायद्याच्या काटेकोर कसोटीला उतरत नसलं तरीही त्याविरुद्ध बळ वापरता येत नाही. चलान चुकीचं आहे? न्यायालयात लढा. पैसे मागतोय? लाच मागणं हे सरकारी काम नव्हेच, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 क्रमांक त्यासाठीच आहे. भांडण कितीही खरं असलं तरी हात उगारला की चौकात तुमची बाजू संपते.

खारचा प्रसंग आठवला की ही मर्यादा का घातली असेल ते कळतं. ऑगस्ट 2016 मध्ये मुंबईत हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट न घातलेल्या एका अल्पवयीन मुलाला अडवलं. त्यातून त्यांच्या डोक्यावर हल्ला झाला आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. बॉनेटवर पोलिसाला फरफटत नेल्याच्या बातम्या तर आजही येतात. उन्हात आठ तास उभ्या असलेल्या माणसाला पुढच्या काचेमागे कोण बसलंय हे माहीत नसतं. चढलेल्या आवाजाला तो घाबरतो ते यामुळेही.

राहिला मोबाइल. चालकाने शूटिंग सुरू केलं की अनेक पोलीस त्यालाच अडथळा म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये सांगितलं की सरकारी गुपितांच्या 1923 च्या कायद्यात पोलीस ठाणं ‘प्रतिबंधित ठिकाण’ म्हणून येत नाही, त्यामुळे ठाण्यात चित्रण केलं म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. ठाण्याची ही गोष्ट, तर भर चौकात या कायद्याचा धाक कशाला? फक्त फोन त्यांच्या तोंडापुढे नाचवू नका, दोन पावलं मागे उभे राहा. नंतर कोणी विचारलंच की आवाज चढला होता की हात, तर त्या अंतरावरून दोघांचेही हात दिसतील.