अंधार खरा, घड्याळ खोटं

परवा सात रस्त्याजवळ एका सीरियल किलरचा थरारपट पाहिला, रात्रीचा शेवटचा खेळ. बाहेर आलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते, तरी सोलापूरचा वारा अंगाला गरमच लागत होता. तोवर मनात बसलेला एक प्रसंग त्या वाऱ्यात एकदम खोटा वाटला. त्यात बंद खोलीतल्या मृतदेहाला हात लावून डॉक्टर सांगतात, 'खून बरोबर ११ वाजून ४० मिनिटांनी झाला.'

जमेची बाजू आधी सांगतो, कारण ती मोठी आहे. चित्रपटात खून जवळजवळ दिसतच नाही. पडदा अर्धा काळा, कोपऱ्यात एक पिवळा दिवा आणि कुठेतरी ठिबकणारा नळ. तेवढ्यात दार आपटतं आणि अख्खं थिएटर दचकतं. ही नुसती युक्ती नाही. माणूस दचकला की पापणी किती जोरात मिटते, हे डोळ्याखालच्या स्नायूवर संवेदक लावून मोजता येतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात असं दिसलं की, तोच आवाज अंधारात ऐकवला तर माणसं जास्त दचकतात. प्रयोगशाळेतले उंदीर मात्र उलट प्रखर उजेडात जास्त दचकतात! ते निशाचर, त्यांना धोका उजेडात. आपण दिवसाचे प्राणी, आपली भीती काळोखात. दिग्दर्शकाला हे नेमकं उमगलंय.

आता ते घड्याळ. मृत्यूनंतर शरीर थंड होतं कारण भोवतालची हवा ३७ अंशांपेक्षा गार असते. शरीर आणि हवा यांच्यात फरक जितका मोठा, तितकी उष्णता भराभर जाते. युरोपातल्या थंड खोलीत हे गणित चालतं, पण तिथेही सगळं अनुकूल असताना उत्तर पावणेतीन तास इकडे किंवा तिकडे चुकू शकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. पूर्व भागातली पत्र्याची खोली दुपारी कशी भाजते, ते तिथे राहिलेल्यांना विचारा. तिथे शरीर थंड होणारच नाही, उलट तापेल. मग तापमानावरून वेळ काढायची कशी?

शरीर ताठरण्यावरूनही अचूक वेळ सांगता येत नाही. स्नायू सैल व्हायला एटीपी नावाचं ऊर्जेचं रसायन लागतं. मृत्यूनंतर ते संपतं आणि स्नायू आखडतात. उष्णतेत हे लवकर होतं आणि लवकर ओसरतंही. म्हणून प्रामाणिक डॉक्टर मिनिट सांगत नाही, 'इतक्या ते इतक्या तासांदरम्यान' असं म्हणतो. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण त्या वेळी आरोपी कुठे होता यावर कुणाची सुटका ठरते, कुणाची जन्मठेप.

बाकी खुनी अतिहुशार, पोलीस बावळट, हे नेहमीचंच. त्यावर शब्द घालवत नाही.

खरी हळहळ वाटली ती एका साक्षीदाराची. सोंग त्झ या चिनी न्यायाधिकाऱ्यानं १२४७ मध्ये एका खुनाची हकिगत लिहून ठेवली आहे. गावातल्या सगळ्यांचे विळे उन्हात मांडायला लावले, तेव्हा माश्या एकाच विळ्यावर बसल्या. पुसलेलं रक्त माणसांना दिसलं नव्हतं, माश्यांना वासानं कळलं. आजही मृतदेहावरच्या अळ्यांची वाढ आणि तिथलं तापमान जुळवून तज्ज्ञ काळाचा अंदाज बांधतात. चित्रपटातली गोष्ट भर उन्हाळ्यातली, मृतदेह दोन दिवसांचा, आणि सबंध खोलीत एकही माशी नव्हती.