लहान धार्मिक न्यासांचा कारभार (महाराष्ट्र)

देऊळ, मठ, अग्यारी किंवा चर्च सांभाळणाऱ्या आणि जोडीला अन्नछत्र, वसतिगृह, दवाखाना चालवणाऱ्या महाराष्ट्रातील छोट्या संस्थांचा कारभार मुख्यतः 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली येतो. देखरेख धर्मादाय आयुक्तांची असते. वक्फसाठी 1995 चा वेगळा केंद्रीय कायदा आहे. आयुक्तांच्या देखरेखीची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये रतिलाल गांधी खटल्यात आखून दिली: पूजाविधी आणि धर्माचार हा त्या त्या संप्रदायाचा प्रांत, मालमत्तेच्या व्यवस्थापनावर मात्र कायदा नियंत्रण ठेवू शकतो. धार्मिक न्यासावर खुद्द आयुक्तांनाच विश्वस्त नेमू देणारी तरतूद याच निकालाने रद्द झाली.

न्यास स्थापन झाल्यापासून 3 महिन्यांत नोंदणीचा अर्ज करावा लागतो. नोंदणीनंतर विश्वस्तांची नावे, मालमत्ता व कारभाराची पद्धत 'परिशिष्ट एक'वर, म्हणजे आयुक्त कार्यालयातील न्यासाच्या नोंदवहीत, चढते. पुढे काहीही बदलले, तर 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. छोटे न्यास लबाडीपेक्षा याच एका दुर्लक्षाने अधिक अडचणीत येतात. विश्वस्त वारतात, त्यांच्या जागी मुलगा बसतो, गावालाही ते मान्य असते; दप्तरी मात्र जुनेच नाव राहते. मग सही बदलायला गेल्यावर बँक परिशिष्टाचा उतारा मागते. जमिनीवर कोणी अतिक्रमण केले, तर न्यासाच्या वतीने दावा कोणी लावायचा, इथपासून प्रश्न सुरू होतो. एव्हाना तीन पिढ्यांचे मृत्यूचे दाखले आणि सभांची इतिवृत्ते शोधण्याची वेळ आलेली असते.

दानपेटी हा कारभाराचा सर्वांत नाजूक भाग. दोन कुलपे लावून किल्ल्या दोघा विश्वस्तांकडे ठेवाव्यात, पेटी ठरलेल्या दिवशी भाविकांसमोर उघडावी, मोजदाद नोटांच्या मूल्यानुसार कागदावर उतरवून हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात आणि रक्कम पूर्ण बँकेत भरावी. पेटीतून परस्पर फुलवाल्याचे बिल भागवले की हिशेबाचा धागा तुटतो, मग देणाऱ्याची नियत कितीही साफ असो. हिशेबाचे दरवर्षी लेखापरीक्षण बंधनकारक आहे आणि आढळलेली अनियमितता अहवालात नोंदवणे हे लेखापरीक्षकाचे कर्तव्य आहे. नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळांनाही यातून पूर्ण सूट नाही. वर्गणी गोळा करण्यासाठी गणेश मंडळे कलम 41 क खाली परवानगी घेतात, ती यामुळेच.

स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे किंवा बक्षीस देणे यांसाठी कलम 36 नुसार आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन 10 वर्षांपेक्षा आणि इमारत किंवा बिगरशेती जागा 3 वर्षांपेक्षा जास्त काळ भाडेपट्ट्याने द्यायची असली तरीही. ही अट जाचक वाटते, पण देवस्थानची इनामे आप्तेष्टांच्या घशात जाऊ नयेत म्हणून ती हवीच.

आयकरातील सवलतीची नोंदणी स्वतंत्र असते. 80 जी खाली देणगीदाराला मिळणारी वजावट केवळ एका धार्मिक समाजासाठी असलेल्या न्यासाला लागू होत नाही. धर्मादाय न्यासालाही या सवलतीसाठी धार्मिक कामावर उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. 2000 रुपयांवरील रोख देणगीला वजावट नाही. परदेशातून पैसा घ्यायचा तर 2010 च्या परकीय योगदान कायद्याखाली आधी नोंदणी किंवा परवानगी घ्यावी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारता येतो.