व्हर्च्युअल टीम आणि सांस्कृतिक अंतर : कोकणातून पाहताना

टाळेबंदीच्या काळात मुंबई-पुण्याहून रत्नागिरी, सिंधुदुर्गातील घरी परतलेली तरुण मंडळी तिथूनच परदेशी कंपन्यांचे काम करू लागली, आणि व्हर्च्युअल टीम, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी बसून इंटरनेटवरून एकत्र काम करणारा गट, हा विषय कोकणातल्या घराघरांत पोहोचला. दुरून कारभार चालवणे मात्र या किनाऱ्याला नवे नव्हते. गिरणगावात स्थिरावलेले चाकरमानी गावाचे मुंबई मंडळ स्थापून देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत अशी कामे पत्रे आणि मनीऑर्डरींच्या आधारे मार्गी लावत आणि गावातले ग्रामीण मंडळ ती तडीस नेत असे. दोन्हीकडची माणसे एकाच गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत रीतीरिवाजांत, वाढलेली असल्यामुळे मान कोणाचा आणि अखेरचा शब्द कोणाचा, हे पत्रात लिहावे लागत नसे.

आजच्या टीमला नेमकी हीच सोय नसते. १९७३ साली अमेरिकेत जॅक निल्स यांनी दूरस्थ कामाची कल्पना मांडली, तेव्हा प्रश्न रोजच्या प्रवासाचा होता, संस्कृतीचा नव्हता. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र उघडले, पुढे वायटूकेची, म्हणजे सन २००० च्या तारखेमुळे संगणकांत होऊ शकणारा बिघाड टाळण्याची, कामे आली आणि भारतीय अभियंते सातासमुद्रापलीकडच्या वरिष्ठांच्या हाताखाली काम करू लागले.

या सांस्कृतिक अंतराचा अभ्यास त्याआधीच सुरू झाला होता. डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या १९६७ ते १९७३ मधील पाहण्यांवरून देशोदेशींच्या कार्यसंस्कृतीची तुलना केली. वरिष्ठ-कनिष्ठांमधील अंतर समाज कितपत स्वीकारतो, या त्यांच्या निर्देशांकात भारताचे गुण ७७, तर अमेरिकेचे ४० आहेत; गुण जितके जास्त, तितका स्वीकार अधिक. एकाच कंपनीच्या नोकरदारांवरून अख्खा देश कसा मोजणार, असा आक्षेप अभ्यासक ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये घेतला आणि तो रास्तच आहे. दिल्ली आणि देवगड एकाच आकड्यात बसवणे धाडसाचेच. तरीही त्या आकड्यांमागची सवय कॉलवर रोज दिसते.

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, आणि भाद्रपदात तीच घरोघरी आरतीची तयारी सुरू होण्याची वेळ असते. “कोणाला काही अडचण?” असे मॅनेजर विचारतो. दिलेली मुदत अशक्य आहे हे ठाऊक असूनही कुडाळचा अभियंता सर्वांसमोर गप्प राहतो आणि कॉल संपताच पुण्यातल्या टीम लीडला फोन करून, “सर, हे त्या तारखेला होणार नाही,” असे सांगतो. मॅनेजरने मात्र त्या गप्प बसण्याला होकार मानून तारीख ग्राहकाला कळवलेली असते.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली परिसरात वीज आणि मोबाईल सेवा अनेक दिवस कोलमडली होती. अशा वेळची शांतता आणि वरिष्ठांच्या आदरापोटी पाळलेली शांतता दूरच्या पडद्यावर सारखीच दिसते. म्हणून जाणते टीमप्रमुख मीटिंगआधी हरकती लेखी मागवतात, गैरसोयीची वेळ आळीपाळीने वाटून घेतात आणि गणेशचतुर्थीची सुट्टी वर्षारंभीच वेळापत्रकात नोंदवून ठेवतात.