स्लीप आणि हायबरनेट : लिनक्स लॅपटॉपवरील बिघाड व दुरुस्ती

स्लीप आणि हायबरनेट या चालू काम न मोडता लॅपटॉपचा वीजवापर कमी करण्याच्या किंवा थांबवण्याच्या दोन पद्धती आहेत. स्लीपमध्ये (लिनक्सच्या परिभाषेत सस्पेंड) कामाची स्थिती रॅममध्ये राहते आणि ती टिकावी म्हणून रॅमला थोडी वीज मिळत राहते. हायबरनेटमध्ये हीच स्थिती डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होते. लिनक्सवर दोन्हींच्या तक्रारी जुन्या आहेत : झाकण उघडल्यावर काळा पडदा, रात्रभरात उतरलेली बॅटरी, पिशवीत तापलेले यंत्र, हायबरनेटनंतर सगळे काम गमावून नव्याने झालेली सुरुवात. लक्षणे सारखी दिसली तरी त्यांची मुळे वेगवेगळ्या थरांत असतात. म्हणून कुठूनतरी मिळालेले कर्नल पॅरामीटर (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सुरू होताना दिलेल्या सूचना) एकामागून एक चिकटवत जाण्यापेक्षा आधी बिघाडाचा थर ओळखणे केव्हाही श्रेयस्कर.

इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या १९९२ च्या एपीएम या वीज-व्यवस्थापनाच्या मानकात वीज सांभाळण्याचे काम मुख्यतः बायोसकडे (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरकडे) होते. १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक आणले आणि सूत्रे ऑपरेटिंग सिस्टमकडे आली. मात्र कोणते उपकरण कसे झोपवायचे याची कोष्टके आजही लॅपटॉपचा निर्माताच फर्मवेअरमध्ये (बायोससारख्या, यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहितो आणि ती बहुधा विंडोजवरच तपासली जातात. त्यामुळे फर्मवेअरने विचारणा केली की लिनक्स कर्नलही आपण विंडोजशी सुसंगत असल्याचे उत्तर देतो. तसे न केल्यास कोष्टकांतील कमी तपासलेल्या वाटांवर जावे लागते. अनेक बिघाडांचे मूळ इथे आहे, आणि फर्मवेअर अद्ययावत करणे हा पहिला उपाय का, याचे कारणही हेच.

दुसरी पायरी म्हणजे आपले यंत्र कोणती झोप घेते हे पाहणे. ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ ही फाइल वाचली की उपलब्ध प्रकार दिसतात आणि सध्याचा प्रकार चौकटी कंसात असतो. ‘डीप’ म्हणजे एसीपीआयची एस३ अवस्था : रॅम सोडून जवळपास सर्व भागांची वीज तुटते. ‘एस२आयडल’मध्ये यंत्र तांत्रिकदृष्ट्या चालूच असते, प्रक्रिया गोठवल्या जातात, उपकरणे शांत केली जातात आणि प्रोसेसर आपल्या सर्वांत खोल विश्रांतीत जाईल अशी अपेक्षा असते. दोन्ही प्रकार दिसत असतील तर ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ हे पॅरामीटर देऊन एस३ निवडता येते. पण अनेक नव्या लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये एस३ ठेवलेलीच नसते. तिथे हे पॅरामीटर काही करू शकत नाही. काही थिंकपॅड मॉडेलांच्या बायोसमध्ये झोपेचा प्रकार बदलण्याची सोय दिलेली आहे, ती अवश्य पाहावी.

एस२आयडलमध्ये बॅटरी उतरत असेल तर एखादे उपकरण जागे राहून प्रोसेसरला खोल विश्रांतीत जाऊ देत नाही, असे समजावे. इंटेलच्या यंत्रांवर कर्नलच्या डीबग विभागातील ‘एसएलपी_एस०’ हा काळमापक झोपेपूर्वी व झोपेनंतर वाचावा. आकडा वाढला नसेल तर ती विश्रांती मिळालीच नाही. एनव्हीएमई प्रकारची वेगवान डिस्क, यूएसबीला जोडलेली वस्तू किंवा कार्ड वाचक हे नेहमीचे संशयित. एएमडीच्या यंत्रांसाठी अशीच तपासणी करणारी स्वतंत्र स्क्रिप्ट आहे.

यंत्र झोपल्याबरोबर जागे होत असेल तर ‘/प्रॉक/एसीपीआय/वेकअप’ पाहावे. जागे करण्याची परवानगी कोणाला आहे त्याची यादी तिथे असते; संशयित नाव त्याच फाइलमध्ये लिहिले की परवानगी उलटते. हा बदल रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून खात्री पटल्यावर तो सिस्टमडीच्या (लिनक्समधील सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) सेवेत किंवा यूडेव्हच्या (उपकरणे हाताळणाऱ्या भागाच्या) नियमात नोंदवावा.

काळ्या पडद्यामागे बहुतेकदा ग्राफिक्स ड्रायव्हर असतो. एनव्हीडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये व्हिडिओ स्मृती जपण्याचा पर्याय आणि सस्पेंड, हायबरनेट, रिझ्युम यांच्या तीन सेवा आहेत. त्या चालू नसतील तर जागे झाल्यावर पडदा विस्कटू शकतो. दोषी ड्रायव्हर सापडत नसेल तेव्हा कर्नलची ‘पीएम_टेस्ट’ सोय फार मोलाची ठरते. फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स आणि कोअर अशा टप्प्यांवर झोपेची तालीम घेता येते : निवडलेल्या टप्प्यापर्यंत जाऊन यंत्र ५ सेकंद थांबते आणि परत येते. ‘फ्रीझर’ पार पडून ‘डिव्हायसेस’वर यंत्र अडकले तर दोष ड्रायव्हरमध्ये आहे हे तिथेच ठरते, मग ड्रायव्हरची मॉड्यूल (कर्नलला जोडता-काढता येणारे भाग) एकेक काढून पाहायची. यंत्र पूर्ण गोठलेच तर पुढच्या बूटमध्ये ‘जर्नलसीटीएल’ या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेने मागील बूटची नोंद वाचावी. झोपेत शिरल्याची ओळ आहे आणि बाहेर पडल्याची नाही, एवढ्यावरूनही बरेच कळते.

हायबरनेटचे गणित निराळे. इथे हार्डवेअरपेक्षा मांडणीच्या चुका जास्त. रॅममधील स्थितीची प्रतिमा स्वॅपमध्ये (रॅमला पूरक म्हणून राखलेल्या जागेत) लिहिली जाते, म्हणून स्वॅप खऱ्या डिस्कवर आणि पुरेसा मोठा हवा; रॅममध्येच राहणारा झेडरॅम हा स्वॅपचा प्रकार इथे निरुपयोगी. पुढच्या बूटमध्ये प्रतिमा कुठे शोधायची हे ‘रिझ्युम’ पॅरामीटर सांगते. स्वॅप फाइल असेल तर तिचे डिस्कवरील स्थान ‘रिझ्युम_ऑफसेट’मध्ये द्यावे लागते; बीटीआरएफएस या फाइल प्रणालीवर ते काढण्यासाठी त्या फाइल प्रणालीचीच आज्ञा वापरावी, नेहमीची ‘फाइलफ्रॅग’ चुकीचा आकडा देते. प्रतिमा शोधण्याचा टप्पा इनिटरॅमएफएसमध्येही (बूटच्या आरंभी वापरल्या जाणाऱ्या छोट्या फाइल प्रणालीच्या फाइलमध्येही) असावा लागतो, आणि बदलानंतर ती फाइल पुन्हा बनवायला विसरणे हे अपयशाचे अगदी साधे कारण. प्रत्येक बूटला नव्या यादृच्छिक किल्लीने कूटबद्ध होणारा स्वॅप असेल तर प्रतिमा लिहिली जाते, पण वाचता कधीच येत नाही. सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना अनेक लिनक्स वितरणांचे कर्नल लॉकडाउन या निर्बंधित अवस्थेत जाते आणि हायबरनेट नाकारते. हा बिघाड नव्हे, सुरक्षेसाठी घेतलेला निर्णय आहे.

एक धोका मात्र गंभीर आहे. हायबरनेट झालेल्या यंत्रातील विभाजने दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टममधून लेखनासह माउंट करू (वापरासाठी जोडू) नयेत. प्रतिमेतील कर्नलला जुनीच फाइल प्रणाली आठवत असते, आणि परत आल्यावर ते तिच्यावर लिहू लागले की डेटा नष्ट होतो. विंडोजचे फास्ट स्टार्टअप हेही अंशतः हायबरनेटच असल्याने दुहेरी बूटच्या यंत्रांवर ते बंद ठेवावे.

ज्या यंत्रावर एस३ नाही आणि एस२आयडलची गळती थांबत नाही, तिथे सिस्टमडीचा ‘सस्पेंड-देन-हायबरनेट’ हा मार्ग सर्वांत उपयोगी : आधी स्लीप, आणि ‘हायबरनेटडिलेसेक’मध्ये दिलेला वेळ उलटला की आपोआप हायबरनेट. दोन्ही पद्धती स्वतंत्रपणे अनेकदा नीट चालल्याचे पाहूनच झाकणाच्या कृतीला हा पर्याय जोडावा. ती जोडणी ‘लॉगइनडी’ या सिस्टमडीच्या सेवेच्या संरचना फाइलमधील ‘हँडललिडस्विच’ या ओळीत होते.