सप्तकोटेश्वर देवस्थान, नार्वे

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील नार्वे या गावी डोंगराच्या पायथ्याशी असलेले प्राचीन शिवस्थान. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत. गोव्यात नार्वे दोन आहेत. एक मांडवीतल्या दिवाडी बेटावर, दुसरे पलीकडच्या काठावर डिचोलीत. आज मध्ये फेरीबोट चालते आणि माणूस काही मिनिटांत पार होतो. देवाचे मूळ स्थान दिवाडीवरचे. देवाबरोबर गावाचे नावही नदी ओलांडून आले, असे मानतात.

सप्तर्षींनी केलेल्या तपश्चर्येमुळे शंकर येथे सात धातूंच्या लिंगाच्या रूपाने प्रकटला, अशी पुराणकथा आहे. तिचा काळ शोधण्यात अर्थ नाही. इतिहासाला भक्कम आधार मिळतो तो कदंबांच्या नाण्यांवर. सिंहाची मुद्रा असलेल्या त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर राजा स्वतःला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने संपन्न झालेला म्हणवतो. शिवचित्त परमाडिदेवाच्या, म्हणजे बाराव्या शतकातल्या नाण्यांवरही हे बिरुद आढळते. राजाची ओळखच देवाच्या नावाने सांगितली जावी, एवढा या देवाचा मान होता.

चौदाव्या शतकात बहमनी अंमलात मूळ देऊळ उद्ध्वस्त झाले. लिंग शेताच्या बांधात पुरून वाचवले, अशी परंपरा आहे. पुढे विजयनगरचा मंत्री माधव याने गोवा जिंकून देवाची पुन्हा स्थापना केली. त्याच्या काळच्या १३९१ च्या ताम्रपटात या देवाचा उल्लेख सप्तनाथ असा येतो. दुसरा आघात पोर्तुगिजांचा. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील, म्हणजे दिवाडी ज्यात येते त्या तालुक्यातील, देवळे पाडली गेली, त्यांत हेही होते. लिंग काही काळ विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावले होते, असे सांगतात. तेथून ते डिचोलीचे देसाई नारायण शेणवी सूर्यराव यांनी सोडवून पैलतीरी नेले. अंतर पाहिले तर ते हाकेच्या टप्प्यातलेच. पण मांडवी तेव्हा दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे आदिलशाही. त्या पाण्यानेच देवाला अभय दिले.

सध्याच्या देवळाचे श्रेय छत्रपती शिवाजी महाराजांचे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमीला (नोव्हेंबर १६६८) त्यांच्या आज्ञेने देवालयाच्या कामाला प्रारंभ झाला, असे येथील शिलालेख सांगतो. त्याच सुमारास महाराजांची नजर गोव्यावर होती, हे लक्षात घेतले की हा छोटासा लेख निव्वळ धार्मिक राहत नाही.

देऊळ चिऱ्याच्या (जांभ्या) दगडाचे, आकाराने बेताचे. समोर दीपस्तंभ, आत सभामंडप आणि गाभारा, वर अष्टकोनी बैठकीवरचा घुमट. पुढे अंत्रुज महालात (आजचा फोंडा तालुका) जी घुमटाची देवळे उभी राहिली, त्या घडणीच्या सुरुवातीच्या नमुन्यांत याची गणना होते. गाभाऱ्यातले लिंग गुळगुळीत नाही. त्यावर उभ्या धारा कोरल्या आहेत, म्हणून त्याला धारालिंग म्हणतात. आवारात काळभैरवाची घुमटी असून बाहेर दत्तात्रेयाच्या पादुका कोरलेल्या आहेत. राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याने जीर्णोद्धार केल्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुले झाले.

अभिषेक, बेल वाहणे आणि महाशिवरात्र ही पूजा कुठल्याही शिवालयासारखीच. नार्व्याचे वेगळेपण आहे ते श्रावण वद्य अष्टमीच्या स्नानात. शिवाच्या देवळाजवळ गोकुळाष्टमीची जत्रा भरते, याचे नवख्याला नवल वाटते. पण इथे मुख्य महत्त्व तीर्थाचे, पंचगंगा म्हणवणाऱ्या इथल्या नदीपात्रातल्या पाण्याचे. हे स्नान पूर्वी दिवाडीच्या काठावर चाले. मिशनऱ्यांनी ते बंद पाडण्याची खटपट केली, तरी यात्रेकरू येतच राहिले आणि पुढे स्नान नदीच्या या काठावर आले. दिवाडीला मूळ देवळाजवळच्या कोटितीर्थाच्या तळीचे अवशेष अजून पाहता येतात. देव गेला, तळी मात्र हलवता आली नाही.