विठाबाई: नाळेच्या गोष्टीपलीकडे

राज्य सरकारचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला की बातमीत 'तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर' हे पुरस्काराचं नाव येतं आणि पाठोपाठ नाळेची गोष्ट येते. ती आधी सांगून टाकू. दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, उभ्या होत्या. वग, म्हणजे तमाशातलं नाटक, रंगात आला असताना कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला निघाल्या. मघाचं पोट दिसेना म्हणून लोकांनी विचारलं, आणि कळल्यावर हात जोडून खेळ थांबवायला लावला.

फडाफडांत, म्हणजे तमाशाच्या मंडळ्यांत, ही गोष्ट थोडी वेगवेगळी सांगतात. मला तिची तक्रार एवढीच की तिच्यामागे बाकीच्या विठाबाई झाकल्या गेल्या.

जन्म १९३५चा, पंढरपुरातला. वडील आणि चुलत्यांचा भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा फड. त्याच्याही आधी आजोबा नारायण खुडे यांचा फड होता. म्हणजे ढोलकी, हलगी, तुणतुणं घरातच. नारायणगाव हे पुणे-नाशिक रस्त्यावरचं, जुन्नर तालुक्यातलं गाव. जत्रांच्या हंगामात फडमालक इथं राहुट्या टाकतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला, म्हणजे खेळ ठरवायला, येतात. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच.

ढोलकीफडाच्या तमाशात नुसतं नाचून भागत नाही. सुरुवातीला गण, म्हणजे गणपतीचं स्तवन, मग गवळण, म्हणजे कृष्ण आणि गवळणींचा प्रसंग. तिथं गवळणींची मावशी आणि कृष्णाचा सवंगडी पेंद्या यांच्या चेष्टेला ठेक्यात उत्तर द्यायचं. मग लावण्या. नऊवारी आवळून नेसलेली, पायांत घुंगरांचं ओझं, आणि नाचता नाचताच गायचं. मागून साथीचे गायक, म्हणजे झीलकरी, 'जी जी जी' करत सूर वर उचलणार. त्यानंतर वग. मघाशी शिट्ट्या घेणारी बाई आता राणी होऊन लोकांना रडवणार. विठाबाईंना यातलं सगळं येत होतं, आणि वर स्वतःचा फडही चालवायचा होता. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला.

फड चालवणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. हंगामाआधी कलावंतांना उचल द्यायची, त्यासाठी व्याजानं पैसा काढायचा, गाड्या, तंबू, पन्नासावर माणसांचं रोजचं जेवण. अवकाळी पावसानं चार खेळ बुडाले की हिशेब बसत नाही. नावाजलेले मालकही यातून सुटलेले नाहीत. विठाबाईंची अखेरही हलाखीत झाली. दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. १५ जानेवारी २००२ला त्या गेल्या.

त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो त्यानंतर, २००६च्या सुमारास. पहिला मान कांताबाई सातारकरांना. पुढे तो विठाबाईंच्या लेकीला, मंगला बनसोडेंनाही मिळाला. आईच्या तालमीत तयार झालेल्या मंगलाताईंनी स्वतःचा फड काढला, आणि त्याच फडाच्या बोर्डावर पुढे त्यांचा मुलगा नितीनकुमारही उभा राहिला.