नंबरी घड्याळ हाती आलं, आता पट्टा कोणता?

लिमिटेड एडिशन घड्याळाला आम्ही काउंटरवर 'नंबरी' म्हणतो. मागच्या झाकणावर ०३७/५०० असं काहीतरी कोरलेलं असतं, म्हणून. हल्ली बेळगावातलेच नव्हे, तर निपाणी, खानापूर, चंदगडाकडचे लोकही कुरिअरनं आलेली पेटी काखेत मारून थेट दुकानात येतात आणि बसायच्या आधी म्हणतात, "ह्याचा पट्टा बदलून द्या बघू." पट्टे विकणं हाच आमचा धंदा आहे, तरी सांगतो, जरा दमानं घ्या.

आधी पेटी. कुरिअरची पेटी उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, सील फोडण्यापासून घड्याळ बाहेर येईपर्यंत, मध्ये न थांबता. मग झाकणावरचा नंबर आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर अक्षर-अक्षर जुळवा. कार्डावर विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख आहे का बघा. काही कंपन्या प्रत्येक नगाला वेगळा नंबर देत नाहीत. सगळ्यांवर '५०० पैकी एक' एवढंच असतं. तसं असलं तर घड्याळ खोटं आहे असं समजून घाबरू नका. पण ज्याचा नंबर कार्डाशी जुळत नाही, ते घड्याळ मनगटावर न घालता तसंच परत पाठवा. झाकणावरचं प्लास्टिक काढायचं की ठेवायचं, यावर संग्राहकांत भांडणं होतात. आमचं मत विचाराल, तर काढा. खाली घाम साचतो आणि डाग धरतो.

त्यानंतर आठ-दहा दिवस घड्याळ आलं तसंच वापरा. कंपनीनं दिलेला पट्टा किंवा चेन हाताला कशी लागते, शर्टाच्या बाहीत कुठं अडकते, दुपारी किती घट्ट होते, हे कळल्याशिवाय दुसरा पट्टा निवडणं म्हणजे अंदाजपंचे.

माप

पट्टा घड्याळाच्या दोन कानांमध्ये, म्हणजे डबीच्या वर-खाली बाहेर आलेल्या टोकांमध्ये, बसतो. त्या कानांमधलं अंतर हे पहिलं माप. ते बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर असतं, पण १९ आणि २१ सुद्धा निघतं, आणि नंबरी घड्याळांत ही विषम मापं बरीच भेटतात. घरच्या पट्टीनं मोजू नका, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं हत्यार) लागतो. १९ च्या जागी २० चा चामडी पट्टा दाबून बसतो खरा, पण कडा चुरगळतात. २० च्या जागी १९ घातला तर बाजूला फट पडते आणि पट्टा इकडून तिकडं सरकत राहतो.

मनगट मोजायचं ते संध्याकाळी. सकाळच्या गारव्यात मनगट बारीक असतं, उन्हात फुगतं. दोरा गुंडाळून तो पट्टीवर धरा. बाजारातला चामडी पट्टा साधारण ११५ आणि ७५ मिलिमीटर अशा दोन तुकड्यांत येतो. बारीक मनगटाला १०५-७० चा मागवावा लागतो. तो आधी सांगा, आम्ही ठेवत नाही.

चेन

खरी गडबड होते ती चेनमध्ये, म्हणून हे जरा सविस्तर.

चेनच्या आतल्या बाजूला काही कड्यांवर बारीक बाण असतो. पिन त्याच दिशेनं बाहेर ढकलायची आणि घालताना उलट दिशेनं घालायची. घरी टाचणी आणि हातोडी घेऊन कुणी बसलं की बाणाकडं लक्ष जात नाही, आणि पिन वाकून मग आमच्याकडं येते. काही चेनमध्ये पिनेभोवती तांदळाच्या दाण्याहून बारीक नळी असते. ती जमिनीवर पडली की मिळत नाही, आणि तिच्याशिवाय पिन पकड धरत नाही. महागड्या चेनमध्ये पिनेऐवजी स्क्रू असतो. त्याला नेमक्या मापाचाच पेचकस लागतो, नाहीतर डोकं चिरतं.

कड्या काढताना दोन्ही बाजूंच्या सारख्या काढायच्या, म्हणजे लॉक मनगटाच्या मधोमध येतं. आम्ही मात्र डायलवरच्या सहाच्या बाजूची एक कडी कमी ठेवतो, बहुतेक हातांना तसंच बसतं. लॉकमध्ये बारीक सरकवायची भोकं असतील, तर चेन मधल्या भोकावर धरून कड्या काढा. उन्हाळ्यात एक भोक सैल करता येतं, पावसाळ्यात घट्ट.

आणि काढलेल्या कड्या. पूर्वी आम्ही त्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायचो. आमच्या एका नेहमीच्या ग्राहकांनी ती पुडी शर्टाच्या खिशात ठेवली, शर्ट धुवायला गेला आणि कड्या मोरीत गेल्या. दोन वर्षांनी त्यांचं वजन वाढलं, चेन आवळायला लागली, म्हणून कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की त्या आवृत्तीच्या कड्या आता शिल्लक नाहीत. तसल्या रंगाची, तसल्या पॉलिशची कडी दुसऱ्या मॉडेलची चालत नाही, ती लगेच ओळखू येते. तेव्हापासून आम्ही कड्या झिपच्या पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून, तुमच्यासमोर पेटीत ठेवतो. चूक आमच्याच पुडीची होती, हे मान्य.

कानांना चिकटून बसणारी चेनची वळणदार टोकं एका मॉडेलची दुसऱ्याला जवळजवळ कधीच बसत नाहीत. ऑनलाइन 'सगळ्यांना बसते' म्हणून मिळणारी चेन सरळ टोकाची असते आणि कानाशी अर्धचंद्रासारखी फट सोडते. घ्यायची तर फट पसंत आहे असं ठरवून घ्या. निकेलची खाज येणाऱ्यांनी टायटॅनियमचा विचार करावा, ते वजनालाही पुष्कळ हलकं असतं. जाळीची, चुंबकी लॉकची चेन मात्र किल्लीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाला आम्ही लावत नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत ग्राइंडिंगवर काम करणाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको. मॅग्नेटिक चकजवळ (नग धरून ठेवणाऱ्या चुंबकाजवळ) गेलेलं घड्याळ पुढं कसं पळतं, ते त्यांनी पाहिलंय.

चामडं आणि आमचा पाऊस

चामड्याचा पट्टा सुंदरच दिसतो, पण आपला पाऊस त्याला सोसत नाही. जांबोटी-कणकुंबीकडून रोज गाडीवर येणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर चामडी पट्टा पेटीत ठेवलेलाच बरा. भिजलाच तर कोरड्या फडक्यानं टिपा, घड्याळावरून काढा आणि सावलीत एक दिवस सपाट ठेवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरनं वाळवला तर तो पापडासारखा होतो. आतल्या बाजूला पांढरी बुरशी दिसली, तर पुसून ठेवून दिल्यानं ती पुन्हा येते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पेटी अधूनमधून उघडा. विसर्जन मिरवणुकीला चामडी पट्टा लावून जाऊ नका. गुलाल आणि घाम मिळून जो डाग पडतो, तो आजवर आम्हाला कुणालाच काढता आला नाही.

बरेच जण विचारतात, अथणी-निपाणीच्या चपलांचं कातडं वापरून पट्टा होईल का? होतो. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं ते कातडं वापरात हळूहळू गडद होतं, त्याला एक तेज येतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यात बेळगाव जिल्हाही आहे. मात्र ते चपलेला आहे, पट्ट्याला नव्हे, म्हणून त्या नावानं पट्टा कुणी महाग विकत असेल तर हसून पुढं जा. अडचण अशी की चपलेचं कातडं जाड असतं. पिन जिथून जाते तिथं ते कातून पातळ करावं लागतं, नाहीतर पट्टा कानांत जातच नाही. आणि पहिले काही आठवडे घामानं पांढऱ्या बाहीवर तपकिरी छटा उतरते.

मगरीच्या कातडीचा पट्टा परदेशातून मागवताना सावध राहा. हा व्यवहार साइट्स या दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो, आणि परवानगीचे कागद नसतील तर पार्सल कस्टममध्ये अडकतं. वासराच्या कातड्यावर तसा ठसा उठवलेला पट्टा मिळतो, चार पावलांवरून फरक कळत नाही.

रबर आणि नाटो

पावसाळ्याला रबर. सिलिकॉनवर धूळ आणि लव चिकटते, म्हणून चार पैसे जास्त गेले तरी एफकेएम प्रकारचं रबर घ्या. मात्र रबरी पट्टा लावला म्हणून घड्याळ जलरोधक होत नाही. झाकणावर ३० मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुताना उडालेलं पाणी सोसतं, पोहणं नाही. बाजूची चावी (वेळ लावायचं बटण) नीट दाबलेली किंवा स्क्रूची असल्यास आवळलेली आहे का, हे आधी बघा.

नाटो म्हणतात तो नायलॉनचा पट्टा ब्रिटिश संरक्षण खात्याच्या १९७३ च्या मानकातून आला. तो दोन्ही पिनांखालून एकसलग जातो, म्हणून एक पिन तुटली तरी घड्याळ हातातून सुटत नाही. कॅम्पातले जवान बहुतेक हाच नेतात. घड्याळ त्यामुळं मनगटावर दोनेक मिलिमीटर उंच बसतं, बारीक हातावर ते डोळ्यांत भरतं.

वडिलांची किंवा आजोबांची जुनी एचएमटी घेऊन येणाऱ्यांसाठीही एक शब्द. ते घड्याळ नंबरी नसतं, पण कंपनीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाल्यापासून त्याची विचारपूस वाढलीय. त्याला बहुतेक १८ चा पट्टा लागतो. साधा काळा किंवा तपकिरी लावा, आणि डायलला हात लावू देऊ नका. रंगवलेला नवा डायल चकाचक दिसतो, पण संग्राहक तो बघताच घड्याळ खाली ठेवतो.

पट्टा बदलायला येताना पेटी, कार्ड आणि जुना पट्टा सोबत आणा. कानांना आम्ही आधी टेप लावतो, मगच हत्यार लावतो. त्यात वीसेक मिनिटं जातात. पूर्वीच्या पिनाही परत मागून घ्या, त्या तुमच्याच.